पहिले वर्ष हे प्रशिक्षणाचेच वर्ष धरा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मालवाहतूक क्षेत्रातील रोजगाराविषयी वर्तमानपत्रांतून जे लेख आणि ज्या जाहिराती येतात, त्यांत एक वाक्य हमखास असते. कंपनी स्वखर्चाने ट्रक चालवायला शिकवील, परवाना काढून देईल आणि लगेच नोकरीवर घेईल, असे ते वाक्य. ते खोटे नाही. मी स्वतः याच मार्गाने या व्यवसायात आलो आणि पुढे अनेक वर्षे नव्या चालकांना शेजारच्या आसनावर बसून शिकवलेही. परंतु त्या वाक्यात जे सांगायचे राहून जाते, ते नोकरीच्या शोधात असलेल्या तरुणांपुढे यायला हवे, म्हणून हे पत्र. माझे म्हणणे असे की, कंपनीने दिलेले प्रशिक्षण परवान्याच्या चाचणीबरोबर संपत नाही, ते पहिल्या वर्षाच्या अखेरीस कुठे संपते. आणि करार, पगार व कामाचे वेळापत्रक या तिन्ही गोष्टी जोवर हे लक्षात घेऊन ठरवल्या जात नाहीत, तोवर या ‘मोफत’ शिक्षणाची किंमत नवा चालक स्वतःच्या झोपेतून आणि पगारातून भरत राहणार.

आधी या योजनेच्या बाजूने जे बोलायला हवे ते बोलतो. अवजड वाहन शिकणे मुळातच खर्चाचे काम आहे. त्यासाठी ट्रेलर जोडलेला पूर्ण लांबीचा ट्रक लागतो, तो मागे-पुढे घेता येईल एवढे मोकळे मैदान लागते, डिझेल लागते, आणि स्टिअरिंगवर एका वेळी एकच जण बसू शकत असल्याने प्रशिक्षकाचा वेळ वर्गातल्यासारखा अनेकांत वाटता येत नाही. ज्याच्या हाती काम नाही त्याने एवढी रक्कम उभी करायची कुठून? शिवाय कर्ज काढून परवाना मिळवला तरी काम मिळेलच असे नसते, कारण अननुभवी माणसाच्या हाती अवजड वाहन द्यायचे म्हटले की विमा कंपनी हप्ता वाढवते किंवा नकारच देते. लहान वाहतूकदाराला तो भार सोसत नाही, मोठ्या कंपनीला सोसतो. म्हणून खिशात पैसा नसलेल्या पण मेहनतीची तयारी असलेल्या माणसासाठी कंपनीचे प्रशिक्षण हे या व्यवसायाचे सर्वांत रुंद दार आहे. ते बंद व्हावे असे मला मुळीच वाटत नाही. ते सचोटीने उघडे राहावे, एवढेच वाटते.

परवान्यापर्यंतचा टप्पा देशोदेशी वेगळा आहे. भारताच्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार हलक्या वाहनाचा परवाना किमान एक वर्ष हाती असल्याशिवाय वाहतुकीच्या वाहनासाठी शिकाऊ परवानाही मिळत नाही. युरोपीय संघात अभ्यासक्रमाच्या मार्गाने व्यावसायिक पात्रता घेणाऱ्यास २८० तासांचे, किंवा जलद अभ्यासक्रम निवडल्यास १४० तासांचे शिक्षण पुरे करावे लागते, आणि पुढे दर पाच वर्षांनी ३५ तासांची उजळणी सक्तीची असते. कंपनीच्या खर्चाने चालक घडवण्याची पद्धत सर्वाधिक रुजली आहे ती अमेरिकेत. तेथे ७ फेब्रुवारी २०२२ पासून नव्या चालकांसाठी ठरावीक अभ्यासक्रम बंधनकारक झाला, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. पण त्यात किमान तासांची अट घातलेली नाही. उमेदवाराला ते कौशल्य आले आहे असे प्रशिक्षकाने प्रमाणित केले की पुरे. प्रशिक्षक सचोटीचा असेल तर हा नियम उत्तम आहे, कारण प्रत्येकाचा शिकण्याचा वेग वेगळा असतो. परंतु ज्या कंपनीचे ट्रक चालकांवाचून उभे आहेत, तिच्याच पगारावर तो प्रशिक्षक असेल, तर घाई कोणत्या बाजूला होणार हे उघड आहे.

परवान्यापूर्वीच्या काही आठवड्यांत नक्की काय शिकवले जाते, याची कल्पना बाहेरच्या माणसाला नसते. लोकांना वाटते, मोठी मोटार चालवायला शिकतात. प्रत्यक्षात पहिले कित्येक दिवस वाहन हलतच नाही. टायर, नट, ब्रेकच्या नळ्या, दिवे, हवेचा दाब, कुठे गळती आहे का, अशी वाहनाभोवती फिरून करायची तपासणी तोंडपाठ होईपर्यंत घोटून घेतली जाते. ट्रेलर जोडण्याचेच उदाहरण घ्या. ट्रकचा पुढचा भाग हळूहळू मागे घेत ट्रेलरखाली न्यायचा, ट्रेलरची किंगपिन (पोटाखालचा पोलादी खुंट) फिफ्थ व्हीलच्या (ट्रकच्या पाठीवरील जोडणीच्या चकतीच्या) जबड्यात शिरून अडकल्याचा आवाज येतो, आणि नवशिक्याला वाटते काम झाले. त्या आवाजावर भिस्त ठेवायची नसते. ट्रेलरचे ब्रेक लावलेले ठेवून खालच्या गिअरमध्ये ट्रक अलगद पुढे ओढून पाहायचा, ट्रेलरने धरून ठेवले पाहिजे. मग खाली उतरून, बॅटरी घेऊन, ट्रेलरखाली वाकून डोळ्यांनी पाहायचे की, ट्रेलरच्या तळाची पाटी फिफ्थ व्हीलवर टेकली आहे, मधे फट नाही, आणि जबडा पिनच्या मानेभोवती पुरता मिटला आहे. त्यानंतरच ट्रेलरचे पुढचे पाय वर घ्यायचे. हे काम दोन-तीन मिनिटांचे असते. पावसात, अंधारात, उशीर झालेला असताना नेमकी तीच मिनिटे वाचवण्याचा मोह होतो, आणि न अडकलेला ट्रेलर यार्डाच्या फाटकातून बाहेर पडताना नाकावर कोसळतो.

मागे घेण्याविषयी थोडे सांगतो, कारण नव्या चालकाचे बहुतेक लहानमोठे अपघात हमरस्त्यावर भर वेगात होत नाहीत, ते गोदामाच्या आवारात, चालण्याच्या वेगापेक्षाही कमी वेगात होतात. ट्रेलर मागे घेताना स्टिअरिंग ज्या बाजूला वळवावे त्याच्या उलट बाजूला ट्रेलरचे शेपूट जाते, आणि चूक जाणवेपर्यंत कोन इतका वाढलेला असतो की पुढे घेऊन सरळ केल्याशिवाय उपाय नसतो. एका बाजूच्या आरशात फक्त ट्रेलरची भिंत दिसते, त्या बाजूला काय आहे हे कळतच नाही. यावर एकच खरा उपाय आहे: थांबायचे, उतरायचे, मागे जाऊन पाहायचे, आणि गरज पडली तर पुन्हा उतरायचे. मैदानात प्लास्टिकच्या शंकूंमध्ये हे जमते. रस्त्यावर मागे गाड्यांची रांग लागलेली असते, गोदामाचा माणूस हात हलवत ओरडत असतो, तेव्हा उतरून पाहायला धैर्य लागते, आणि ते धैर्य कोणत्याही चाचणीत मोजले जात नाही.

परवाना हाती आला की दुसरा टप्पा सुरू होतो, आणि माझ्या मते सगळे चांगले-वाईट येथेच ठरते. नव्या चालकाला काही आठवडे एका अनुभवी चालकाबरोबर प्रत्यक्ष माल वाहत फिरावे लागते. दोन अनोळखी माणसे एका केबिनमध्ये राहतात, जेवतात, आळीपाळीने झोपतात. चांगला ट्रेनर मिळाला तर या आठवड्यांत माणूस जे शिकतो ते पुढे जन्मभर पुरते. लांब उताराचे पाहा. भरलेल्या ट्रकचा गिअर उतार सुरू होण्यापूर्वी निवडायचा असतो, कारण एकदा वेग वाढला की खालचा गिअर पडत नाही आणि पाडायला गेलात तर ट्रक न्यूट्रलमध्ये अडकतो. वेग इंजिनाने धरायचा. ब्रेक नुसता टेकवून ठेवायचा नाही. उतारासाठी ठरवलेल्या सुरक्षित वेगाला पोचलो की ठाम दाबून वेग ताशी सात-आठ किलोमीटरने उतरवायचा, सोडायचा, पुन्हा वेग चढू द्यायचा, पुन्हा दाबायचा. सतत दाबून ठेवले तर चाकांतले ब्रेकचे ड्रम तापून फुगतात, ब्रेकचे अस्तर पकड सोडते, पाय अधिकाधिक खोल जाऊ लागतो, आणि जळका वास नाकापर्यंत येतो तेव्हा बरेचसे नुकसान झालेले असते. पुस्तकात हे सगळे एका पानात मावते. पण पहिल्यांदा माथ्यावर येताना शेजारचा माणूस शांत आवाजात ‘आत्ता, इथेच गिअर’ असे म्हणतो, तेव्हा ते अंगात मुरते.

थांबण्याच्या अंतराचेही तसेच आहे. अमेरिकेतील व्यावसायिक चालकांच्या अधिकृत पुस्तिकेत हिशेब दिला आहे: ताशी ५५ मैल, म्हणजे साधारण ८८ किलोमीटर वेगाने जाताना धोका डोळ्यांनी टिपण्यात, पाय ब्रेकवर जाण्यात आणि ब्रेक लागून थांबण्यात मिळून ४१९ फूट जातात. एअर ब्रेकमध्ये हवा चाकांपर्यंत पोचायला जो क्षणभर लागतो त्याचे आणखी सुमारे ३२ फूट. म्हणजे कोरड्या रस्त्यावर, सावध चालकाच्या हातात, चांगले ब्रेक असताना १३५ मीटरहून अधिक. वेग दुप्पट केला की ब्रेक लागल्यानंतरचे अंतर चौपट होते. हे आकडे प्रत्येक उमेदवार परीक्षेसाठी पाठ करतो. पुढे सोडलेल्या मोकळ्या जागेत मोटारी येऊन घुसतात, तेव्हा न चिडता पुन्हा मागे सरून तेवढीच जागा सोडायची, ही सवय मात्र कोणीतरी शेजारी बसून लावावी लागते.

आणि नेमक्या याच टप्प्यावर काटकसर होते. काही ठिकाणी ट्रेनर म्हणून नेमलेल्या माणसाला स्वतःलाच जेमतेम वर्षभराचा अनुभव असतो. त्याहून गंभीर बाब अशी की, शिकाऊ चालक आणि ट्रेनर यांना जोडी धरून माल दिला जातो. एक चालवतो तेव्हा दुसरा मागच्या बिछान्यावर झोपतो, ट्रक अहोरात्र पळतो, आणि कंपनीला दोन चालकांचे काम एका पुऱ्या व एका अर्ध्या पगारात मिळते. ट्रेनरलाही ट्रकने कापलेल्या एकूण अंतरावर मोबदला असेल, तर शिष्य चालवत असताना जागे राहण्यात त्याचे नुकसानच आहे. मग जो माणूस शिकण्यासाठी आला, तो रात्री अडीच वाजता एकटाच स्टिअरिंगवर असतो आणि त्याला शिकवणारा पडद्यामागे घोरत असतो. याला प्रशिक्षण म्हणता येणार नाही. मी शिकवत असताना एका व्यवस्थापकाने मला हेच सुचवले होते, पहिल्या आठवड्यानंतर शेजारी बसण्याची गरज नाही म्हणून. मी नकार दिला आणि त्या काळात माझी मिळकत घटली. ती घट ट्रेनरने का सोसावी, हा माझा साधा प्रश्न आहे. शेजारी जागे बसण्याचा मोबदला तासावर द्यावा, अंतरावर देऊ नये, म्हणजे हा मोहच उरणार नाही.

स्त्री उमेदवारांचा विचार येथेच करायला हवा. अनोळखी पुरुषाबरोबर आठवडेच्या आठवडे एका केबिनमध्ये राहण्याची अट घातली की अनेक सक्षम स्त्रिया दारातूनच परत जातात, आणि ज्या ही अट मान्य करून आत येतात त्यांना तक्रार करायची तर ज्याच्या शेऱ्यावर आपली नोकरी अवलंबून आहे त्याच्याच विरुद्ध करावी लागते. स्त्री ट्रेनरची सोय, नाही तर रात्री वेगळ्या निवासाची व्यवस्था, आणि तक्रार ऐकणारा विभाग वाहतूक विभागापासून स्वतंत्र, एवढे तरी ठरलेले असले पाहिजे.

आता कराराकडे येतो. कंपनी शिकवण्याच्या मोबदल्यात चालकाने अमुक महिने तिच्याकडे काम करावे आणि मधेच सोडल्यास ठरलेली रक्कम भरावी, असा हा करार असतो. तत्त्व म्हणून त्यात अन्याय नाही. कंपनीने पैसे घातले आहेत, ते वसूल व्हायला हवेत. अन्याय तपशिलात असतो, आणि तो तपशील बहुधा प्रशिक्षणाच्या पहिल्याच दिवशी, लांबचा प्रवास करून आलेल्या, परतीच्या भाड्याचे पैसेही जवळ नसलेल्या माणसापुढे सहीसाठी ठेवला जातो. म्हणून सही करण्यापूर्वी काही गोष्टी विचारून, शक्यतो लिहून घ्याव्यात. मागितलेली रक्कम प्रशिक्षणाच्या खऱ्या खर्चाइतकी आहे, की माणूस सोडून जाऊ नये म्हणून फुगवलेली आहे? काम केलेल्या प्रत्येक महिन्यागणिक ती घटत जाते, की बारा महिन्यांच्या करारात अकराव्या महिन्यात सोडणाऱ्यालाही पूर्ण रक्कम भरावी लागते? हा दुसरा प्रकार तर उघडउघड अन्यायाचा आहे, कारण त्या माणसाने आपल्या शिक्षणाचा बहुतेक भाग कामातून फेडलेला असतो. कंपनीनेच काढून टाकले तर काय? आजारपणामुळे वाहन चालवण्यास अपात्र ठरलो तर? चाचणीत नापास झालो तर? व्याज लागते का? शेवटच्या पगारातून परस्पर कापून घेतात का? आणि मुदत महिन्यांत मोजतात की अंतरात? अंतरात मोजली असेल आणि कंपनीने कामच कमी दिले, तर मुदत लांबत जाते आणि त्यावर चालकाचा कोणताच ताबा राहत नाही.

अशा करारांचे वाईट रूप आता काही सरकारांच्याही लक्षात येऊ लागले आहे. कॅलिफोर्निया राज्याने १ जानेवारी २०२६ पासून होणाऱ्या, नोकरी सोडल्यास पैसे भरायला लावणाऱ्या करारांवर मोठी बंधने घातली आहेत. अशा कायद्यांना विरोध करणारे म्हणतात की, मग कंपन्या शिकवणेच बंद करतील. मला ही भीती अनाठायी वाटते. चालकाला बांधून ठेवण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे त्याला टिकावेसे वाटेल असे पहिले वर्ष देणे, आणि ज्या कंपन्यांनी हे ओळखले आहे त्यांना दंडाच्या कलमाची फारशी गरज पडत नाही.

पहिल्या वर्षी टिकणे कठीण का जाते, याचे उत्तर बरेचसे पगाराच्या पद्धतीत आहे. अनेक ठिकाणी लांब पल्ल्याच्या चालकाला अंतरावर पैसे मिळतात. चाके फिरली तर मिळकत, थांबली तर नाही. तपासणी, डिझेल भरणे, कागदपत्रे, माल भरण्या-उतरवण्यासाठी तासन्‌तास ताटकळणे, रस्ता बंद असणे, यांतले बरेचसे बिनमोबदल्याचे. अमेरिकेत १९३८ च्या कामगार कायद्यातील जादा कामाच्या दराची तरतूदही राज्याराज्यांत धावणाऱ्या बहुतेक ट्रकचालकांना लागू होत नाही. अनुभवी माणूस या पद्धतीतही निभावून नेतो, कारण कोणत्या गोदामात किती वेळ मोडतो, कुठे सकाळी लवकर पोचावे, कोणता माल घेऊ नये, हे त्याला ठाऊक असते. नव्याला यातले काहीच ठाऊक नसते. त्याला तपासणीला दुप्पट वेळ लागतो, डॉकला, म्हणजे गोदामाच्या माल चढवण्या-उतरवण्याच्या धक्क्याला, ट्रक लावायला चौपट. म्हणजे ज्याने सर्वांत सावकाश काम करायला हवे, त्याच्याच सावकाशीची किंमत ही पद्धत त्याच्याकडून वसूल करते. पहिल्या महिन्याचा पगार पाहून कित्येकांचे डोळे पांढरे होतात, आणि पुढच्या महिन्यात ते उतरून पाहण्याचा, ओढून पाहण्याचा, थांबून विचारण्याचा वेळ कापू लागतात.

युरोपीय संघाच्या २००६ च्या नियमावलीत, रस्त्यावरील सुरक्षितता धोक्यात येईल अशा रीतीने अंतर, वेग किंवा मालाच्या वजनाशी जोडलेला मोबदला चालकाला देण्यास मनाई आहे. हा विचार मला फार मोलाचा वाटतो. सर्व चालकांना तो लागू करण्याचा वाद मोठा आहे, तो बाजूला ठेवू. पण निदान पहिल्या वर्षापुरता तरी चालकाला ठरावीक आठवडी किंवा तासावारी पगार मिळावा, ही मागणी कोणत्याही देशात अवाजवी ठरणार नाही.

कामाच्या तासांचे नियम नव्या माणसाला वाटतात तितके सोपे नसतात. अमेरिकेत सलग १० तासांच्या विश्रांतीनंतर कामाला लागल्यापासून १४ तासांच्या आतच, आणि त्यातही जास्तीत जास्त ११ तास वाहन चालवता येते. आठ तासांच्या चालवण्यानंतर अर्धा तास थांबावे लागते. युरोपात रोजची मर्यादा ९ तासांची, आठवड्यातून दोनदा १० तासांची, साडेचार तासांनंतर ४५ मिनिटांची विश्रांती, आणि लागोपाठच्या दोन आठवड्यांत मिळून ९० तास. नियम चालकाच्या भल्याचेच आहेत. अमेरिकेत डिसेंबर २०१७ पासून तासांची नोंद बहुतेक ट्रकवर इलेक्ट्रॉनिक यंत्रानेच होते, त्यामुळे वहीत खोटे तास लिहायला लावण्याचा जुना प्रकार बराच आटोक्यात आला. परंतु ते १४ तासांचे घड्याळ एकदा सुरू झाले की डॉकवर ताटकळतानाही सहसा थांबत नाही. पाच तास रांगेत गेले तर उरलेल्या नऊ तासांत माल पोचवण्याची घाई, आणि मुदत संपण्याच्या सुमारास ट्रक उभा करायला जागा शोधण्याची धावपळ. संध्याकाळ उलटली की मोठ्या वाहनतळांवर जागा उरत नाही, हे नव्या चालकाला पहिल्याच आठवड्यात कळते. जागा आधी ठरवून मग दिवस आखायचा, हे कळायला त्याला काही महिने जातात.

घड्याळ विश्रांतीची वेळ दाखवते, पण झोप लागेलच असे नसते. आज पहाटे चारला निघायचे, तीन दिवसांनी रात्री दहाला, असे वेळापत्रक फिरत राहिले की शरीराला रात्र कोणती हे समजेनासे होते. मध्यरात्रीनंतर पहाटेपर्यंत आणि दुपारच्या जेवणानंतर झोपेची ओढ सर्वांत जास्त असते. खिडकी उघडणे, गाणी मोठ्याने लावणे, चहा-कॉफी, हे सगळे काही मिनिटांचे उपाय आहेत. डोळे जड झाले तर थांबून झोप घेणे हाच उपाय, आणि त्यासाठी डिस्पॅचरला, म्हणजे कंपनीतून काम नेमून देणाऱ्याला, फोन करून ‘मी उशिरा पोचेन’ असे म्हणावे लागते. अनुभवी चालक हे वाक्य सहज उच्चारतो. कर्जात बांधलेल्या नव्या चालकाच्या तोंडून ते निघत नाही, कारण काढून टाकले तर प्रशिक्षणाची रक्कम अंगावर येईल अशी भीती त्याच्या मनात असते. कराराचा आणि रस्त्यावरील सुरक्षिततेचा संबंध तो हाच. जो ‘नाही’ म्हणू शकत नाही, तो वादळातही निघतो, बर्फातही निघतो, झोप नसतानाही निघतो. अमेरिकेत २९ जानेवारी २०१६ पासून लागू झालेल्या नियमाने चालकावर सुरक्षा-नियम मोडण्यासाठी दबाव आणण्यास मनाई केली आहे आणि तक्रारीची सोयही ठेवली आहे. प्रत्येक प्रशिक्षणवर्गात पहिल्या दिवशी हा किंवा त्या त्या देशातला असा नियम मोठ्याने वाचून दाखवायला हवा. मी पाहिलेल्या वर्गांत त्याचा उल्लेख ओझरता होत असे.

घरापासून दूर राहण्याविषयी फार लिहीत नाही, कारण ते सर्वांना दिसते. एवढेच म्हणतो की, किती दिवस बाहेर आणि किती दिवस घरी, हे भरतीच्या वेळी तोंडी सांगितले जाते आणि प्रत्यक्षात वेगळेच निघते, ही तक्रार मी इतक्या नव्या चालकांकडून ऐकली आहे की घरी येण्याचे दिवसही करारात लिहिलेले असावेत, असे माझे ठाम मत झाले आहे. कंपनीने ते पाळले नाहीत, तर परतफेडीची अट आपोआप रद्द व्हावी. बंधन एकाच पक्षावर का असावे?

जे या मार्गाने येऊ पाहतात त्यांना मी परावृत्त करत नाही. हे काम मानाचे आहे. चाळीस टन वजन सुखरूप पोचवून, कागदावर सही घेऊन, ट्रक नीट उभा करताना मिळणारे समाधान मी इतर कुठल्या कामात अनुभवलेले नाही. नव्यांनी कंपनी निवडताना जाहिरातीतला पगाराचा आकडा पाहण्याआधी त्याच कंपनीत एक वर्ष पुरे केलेल्या दोन-तीन चालकांना गाठावे. ट्रेनर जागा असायचा का, पहिल्या तीन महिन्यांत हातात किती पडले, उतरून पाहिल्याबद्दल किंवा हवामानामुळे थांबल्याबद्दल कोणी बोलले का, हे विचारावे. असे चालक वाहनतळावर सहज भेटतात आणि विचारले तर मोकळेपणाने सांगतात.

आपल्या दैनिकाला एक विनंती आहे. चालक प्रशिक्षणाच्या जाहिराती आणि रोजगार पुरवणीतील माहिती छापताना ‘मोफत प्रशिक्षण’ या शब्दांशेजारीच कराराची मुदत, मधेच सोडल्यास भरावी लागणारी रक्कम, ती दरमहा घटते की नाही, आणि ट्रेनरबरोबरच्या काळातला पगार, ही चार माहितीची कलमे कंपनीकडून मागून घेऊन छापावीत. जी कंपनी ती देणार नाही, तिच्या नावापुढे ‘माहिती दिली नाही’ एवढे लिहिले तरी चालेल.

आपला विश्वासू,
एक अवजड वाहनचालक व माजी प्रशिक्षक